चेहरा उजळू नका, मोजा

नागपूरच्या सदर भागात ऑल सेंट्स आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्स अशी दोन कॅथेड्रल आहेत. लग्नाच्या दिवसांत तिथे एक प्रसंग ठरलेला असतो. विधी आटोपतो आणि नवरा-नवरी दारात येऊन उभे राहतात. नवरीच्या अंगावर पांढराशुभ्र गाऊन, नवऱ्याच्या अंगावर काळा सूट, पाठीमागे आतला अंधार आणि समोर नागपूरचं ऊन. पायऱ्यांखाली उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला तेवढ्यात ठरवायचं असतं, की या चौकटीतलं काय राखायचं आणि कशावर पाणी सोडायचं. गाऊनची लेस राखली तर सुटाचा नुसता काळा डाग उरतो. सुटाचं कापड दिसू दिलं तर गाऊन जळून कोरा पांढरा होतो. आणि या पांढऱ्या-काळ्याच्या मध्ये दोन चेहरे असतात. सगळा खटाटोप खरं तर त्यांच्यासाठी असतो.

या निर्णयाला एक्स्पोजर म्हणतात. सेन्सरवर किंवा फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा, हे लेन्सचं छिद्र आणि शटरचा वेळ ठरवतात. पडलेल्या प्रकाशातून चित्र किती उजळ उमटावं, हे आयएसओ ठरवतो. तिन्हींचं माप दुपटीत चालतं. एक स्टॉप वाढवला की दुप्पट, एक उतरवला की निम्मं. छिद्र मोठं केलं की मागची पार्श्वभूमी धूसर होते, शटर मंद केलं की हालचाल फरफटते, आयएसओ चढवला की चित्रात दाणे येतात. एवढं तंत्र आठवडाभरात हाताखाली येतं. अवघड असतो तो निर्णय, आणि तो आता बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्यावर सोपवला गेला आहे.

कॅमेऱ्यातल्या मीटरचं गणित साधं आहे. समोर जे काही असेल ते सरासरीने मध्यम करडं आहे, असं तो धरून चालतो. छायाचित्रणाच्या वर्गात दाखवलं जाणारं ग्रे कार्ड याच कल्पनेतून आलं. पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के प्रकाश ते परतवतं. समोर रस्ता, झाडं, भिंती, माणसं असा मिश्र देखावा असला तर हा अंदाज बहुधा चालून जातो. चौकट पांढऱ्याने भरली की मात्र मीटरला प्रकाश जास्त वाटतो आणि तो कमी करतो. पांढरं करडं पडतं आणि त्याबरोबर शेजारचा सावळा चेहरा आणखी काळवंडतो. चौकट काळ्याने भरली की उलटं होतं: काळं करडं होतं, चेहरा फटफटीत. कॅथेड्रलच्या दारात नवरी एकटी टिपली तर चेहऱ्याचा एक रंग मिळतो आणि नवऱ्याच्या सुटाला बिलगून उभी असताना टिपली तर दुसराच. ऊन तेच, कॅमेरा तोच, माणूसही तोच.

नागपूरचं ऊन हा पेच आणखी घट्ट करतं. शहर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैत एकेक दिवस सूर्य माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो. मेमधल्या त्या शून्य सावलीच्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उभ्या खांबाची सावली त्याच्या बुंध्यातच मावते. असं सरळ वरून पडणारं ऊन चेहऱ्यावर वाईट वागतं. कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाची हाडं लखलखतात, तर डोळे भुवयांखालच्या सावलीत बुडतात. कपाळ पाहून एक्स्पोजर धरलं तर डोळे हरवतात, डोळे पाहून धरलं तर कपाळ जळतं. इथे आकड्यांची कितीही फिरवाफिरव केली तरी उपयोग नाही. माणसाला सावलीत घ्यावं लागतं, नाहीतर खालून थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून डोळ्यांत उजेड पाठवावा लागतो. भर दुपारी दोन्ही घराण्यांना पायऱ्यांवर रांगेत उभं करणाऱ्या छायाचित्रकाराने पोर्चची सावली आधी हेरून ठेवली, तर पुढचं निम्मं काम वाचतं.

सदरचाच मंगळवारी बाजार घ्या. रस्त्यावर रणरणतं ऊन आणि दोन पावलांवर ताडपत्रीखाली बसलेली भाजीवाली. भर उन्हासाठी जुना नियम आहे: छिद्र एफ-१६ ठेवा आणि आयएसओचा जो आकडा असेल, सेकंदाच्या तेवढ्याव्या हिश्श्याचं शटर, म्हणजे आयएसओ १०० असेल तर १/१००. फिल्मच्या खोक्यातल्या चिठ्ठीवर तो सूर्य-ढगांच्या चित्रांसह छापलेला असे, आणि ज्या अ‍ॅग्फा क्लिक-थ्रीने अनेक मराठी घरांत पहिले फोटो निघाले, तिच्यावरही ऊन आणि ढग अशा खुणा होत्या. पण मोकळ्या सावलीत प्रकाश त्याहून तीन-चार स्टॉपने उतरतो. चार स्टॉप म्हणजे सोळावा हिस्सा. डोळा हा फरक सहज पचवतो, त्यामुळे तो जाणवतही नाही. सेन्सर पचवत नाही. मागच्या उन्हाळलेल्या रस्त्यासकट भाजीवालीचा फोटो ऑटोवर काढला, तर रस्ता ठीक येतो आणि बाई काळी सावली होऊन बसते. निळी ताडपत्री असेल तर चेहऱ्यावर निळी छटा, पिवळी असेल तर पिवळी, ती वेगळीच. अशा वेळी बाजाराचा फोटो हवा की बाईचा, हे छायाचित्रकाराने ठरवायला हवं. बाईचा हवा असेल तर मागचा रस्ता जळू द्यावा. जळलेल्या रस्त्याची कुणाला खंत वाटणार नाही.

याच शहरात दरवर्षी एक दिवस असा येतो, की एक्स्पोजरचा प्रश्न तंत्रापुरता उरत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हा लोक पांढरी वस्त्रं नेसून आले होते आणि आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे यांचा पूर लोटतो. मागे स्तूप, तोही पांढरा. गावोगावच्या शेतांतून, कामाच्या साइटवरून आलेले, उन्हाने रापलेले चेहरे या पांढऱ्याच्या मधोमध असतात. मीटरवर विसंबून काढलेल्या फोटोत स्तूप नीट येतो, कपडे नीट येतात आणि ज्यांच्यामुळे हा दिवस आहे त्या माणसांच्या चेहऱ्यांवरचा तपशील जातो. गर्दी दिसते, माणूस दिसत नाही. तिथे एक्स्पोजर एक-दीड स्टॉप चढवणं, किंवा स्पॉट मीटरने थेट चेहरा मोजणं, हे छायाचित्रकाराचं कर्तव्यच आहे. साड्यांच्या घड्या थोड्या कमी दिसल्या तरी चालतील.

इथवर चूक यंत्राची आहे आणि ती सुधारणं हातात आहे. दुसरी चूक माणसं समजून-उमजून करतात. फोटोच्या दुकानात, लग्नाच्या अल्बममध्ये, मोबाइलच्या ब्युटी मोडमध्ये चेहरा त्याच्या मूळ रंगापेक्षा दोन-तीन छटांनी उजळून दिला जातो. नागपुरात गिऱ्हाईक हिंदीत सांगतं, ‘भैया, थोड़ा साफ़ कर देना’, आणि अनेकदा ते सांगावंही लागत नाही. एक्स्पोजर मुद्दाम चढवायचं, मग संगणकावर चेहरा आणखी धुवायचा, मग त्वचेवरच्या बारीक रेषा पुसायच्या. सावळ्या नवरीचा अल्बम उघडला तर हात, गळा आणि चेहरा तीन वेगवेगळ्या माणसांचे वाटतात. हळदीच्या दिवशी ज्या मुलीला सगळ्यांनी डोळे भरून पाहिलं, ती त्या अल्बममध्ये सापडत नाही. आई-वडिलांनी त्यासाठी मोजलेले पैसे लहान नसतात.

हा आग्रह फोटोवाल्याने जन्माला घातलेला नाही. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ पासून या देशात विकली गेली आणि २०२० मध्ये तिच्या नावातून ‘फेअर’ गेलं. लग्नाच्या जाहिरातींतल्या ‘गोरी, सुस्वरूप’ या अपेक्षेची गोष्टही जुनी आहे. पण छायाचित्रणाची सामग्री या आग्रहाला अनुकूल अशीच घडत गेली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. रंगीत फिल्म धुणाऱ्या लॅबना कोडॅक कंपनी एक नमुना छायाचित्र पाठवत असे. त्यात गोऱ्या वर्णाची एक स्त्री असे आणि तिच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची त्वचा नीट आली की छपाई नीट, असा हिशेब. कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी या कार्डांचा इतिहास शोधला. काळ्या माणसांचे चेहरे फिल्मवर नीट येत नसल्याची दखल कंपनीने घेतली नाही. सुधारणेला जोर आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी आपल्या मालाच्या तपकिरी छटा जाहिरातींत नीट येत नसल्याची तक्रार केली तेव्हा. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं.

फिल्म गेली, सवय राहिली. आजचे कॅमेरे आणि फोन चेहरा ओळखतात आणि त्यानुसार एक्स्पोजर बदलतात, ही प्रगतीच आहे. पण चेहरा किती उजळ असला म्हणजे ‘बरोबर’, हे त्यांना कुठल्या ना कुठल्या छायाचित्रांवरून शिकवलेलं असतं. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ या फोनमध्ये गडद त्वचेसाठी ‘रिअल टोन’ नावाचे बदल केले आणि २०२२ मध्ये हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी तयार केलेली १० छटांची त्वचामापनाची पट्टी स्वीकारली. म्हणजे आधी जे होतं ते पुरेसं नव्हतं, हे बनवणाऱ्यांनाही मान्य आहे. आपल्याकडच्या दुकानात मात्र याच सुमारास एका क्लिकमध्ये चेहरा उजळणारे प्रीसेट विकत घेतले जात आहेत.

यावर फोटोवाल्यांचं उत्तर ठरलेलं आहे आणि ते हलक्यात घेण्यासारखं नाही. गिऱ्हाईक मागतं ते दिलं नाही, तर ते शेजारच्या दुकानात जातं. दुकानाचं भाडं, लग्नाच्या हंगामावरच चालणारं वर्षाचं घर, मोबाइलमुळे आधीच घटलेलं काम, हे सगळं खरं आहे. तरी एक गोष्ट त्यांच्याच व्यवसायातून समोर ठेवावीशी वाटते. नागपूरचे कितीतरी छायाचित्रकार रविवारी ताडोब्याला, पेंचला, उमरेड-कऱ्हांडल्याला जातात. तिथे रानगवा समोर आला की ते काय करतात? काळाकभिन्न देह, पायांत पांढरे मोजे. ऑटोवर सोडला तर गवा करडा येतो आणि मोजे जळतात. म्हणून ते एक्स्पोजर एका स्टॉपने उतरवतात, गव्याचा काळा रंग काळाच राहील याची काळजी घेतात. कुणी तो उजळून आणला तर सोबतचे मित्र फोटो नापास करतात. काळोख्या झाडीसमोरचा पांढरा बगळा जळू नये म्हणूनही ते तेवढेच जपतात. जनावराच्या रंगाबद्दल इतका प्रामाणिक असलेला हात सोमवारी लग्नाच्या मांडवात माणसाचा रंग का बदलतो? कौशल्य त्याच्याकडे आहेच. गव्याला जो मान मिळतो तो नवरीलाही मिळावा, एवढंच मागणं आहे.

सावळा चेहरा त्याच्या रंगात देखणा दिसतो का, या शंकेला मराठी माणसांनीच उत्तर दिलेलं आहे. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रं काढली. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत घामाने ओल्या कातडीवर पडलेला उजेड हाच चेहऱ्याला आकार देतो. गडद त्वचेवर प्रकाशाची चमक फार सुंदर उमटते, पण ती उमटायला आजूबाजूची त्वचा गडद राहावी लागते. सगळाच चेहरा उजळला की ही चमक त्यात विरघळते आणि चेहरा सपाट पडतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त विक्रम अमलाडी यांच्या कॅमेऱ्याने जब्या या नायकाचा चेहरा असाच ठेवला. ‘झुंड’ (२०२२) तर नागपुरातच चित्रित झाला. सदरपासून जवळच असलेल्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन उभ्या केलेल्या फुटबॉलची ती गोष्ट. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या छायांकनात त्या पोरांचे चेहरे नागपूरच्या उन्हात, नागपूरच्या रंगात दिसतात आणि अमिताभ बच्चन शेजारी उभे असतानाही नजर त्या पोरांवरच जाते.

या कामाला महागडा कॅमेरा लागत नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची १९४१ सालची गोष्ट छायाचित्रण शिकणाऱ्या बहुतेकांच्या कानावर आलेली असते. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र उगवला होता, स्मशानातल्या क्रुसांवरचा शेवटचा उजेड सरत चालला होता आणि अ‍ॅडम्सना मीटर सापडेना. चंद्राची उजळी किती असते हा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून मनात हिशेब करून त्यांनी एफ-३२ वर एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं. फ्रेड आर्चर यांच्यासोबत त्यांनी बसवलेल्या झोन पद्धतीत उन्हातला गोरा चेहरा सहाव्या पायरीवर, म्हणजे मध्यम करड्याच्या एक पायरी वर, ठेवला जातो. आपल्याकडचा गव्हाळ चेहरा पाचवीच्या आसपास बसतो, सावळा त्याहून खाली. अ‍ॅडम्सना चंद्राचा आकडा पाठ होता. इथल्या छायाचित्रकाराला या चेहऱ्यांच्या पायऱ्या पाठ असायला हव्यात. परदेशी पुस्तकातलं ‘त्वचेसाठी एक स्टॉप वाढवा’ हे वाक्य जसंच्या तसं उचललं, की प्रत्येक विदर्भी चेहरा विनाकारण एक पायरी गोरा होतो.

ज्यांना पायऱ्यांचा हिशेब नको असेल त्यांच्याकडे स्वतःचा तळहात आहे. माणसाचा वर्ण कुठलाही असो, तळहात करड्या कार्डापेक्षा साधारण एक स्टॉपच उजळ असतो. ज्याचा फोटो काढायचा त्याच्यावर जो उजेड पडतो आहे त्याच उजेडात तळहात धरायचा, तो मोजायचा, मिळालेल्या आकड्यापेक्षा एक स्टॉप वाढवायचा आणि कॅमेरा मॅन्युअलवर तिथेच ठेवायचा. मग पांढरा गाऊन येवो, काळा सूट येवो, चेहरा हलत नाही. मोबाइलवरही हे निम्मं जमतं: चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की एक्स्पोजर तिथे अडकतं, शेजारची सूर्याची खूण बोटाने खाली-वर करता येते. ब्युटी मोड बंद करणं हे त्याच्याही आधीचं काम.

नागपूरच्या कॉलेजांत जनसंवाद शिकवला जातो, फोटोग्राफीचे खासगी वर्ग आहेत, छायाचित्रकारांचे गट आहेत. तिथे पहिल्याच आठवड्यात ग्रे कार्डाशेजारी चार-पाच वेगवेगळ्या वर्णांची माणसं बसवून एकाच उजेडात त्यांचे फोटो काढायला लावले पाहिजेत. कुठल्या चेहऱ्याचं माप किती आलं हे मुलांनी वहीत लिहावं. सूर्यास्ताचे आणि तलावाचे फोटो नंतर शिकवले तरी चालतील.

शेवटी सरकारी कागदाचा मुद्दा, कारण तिथे हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. पासपोर्टच्या छायाचित्रासाठी आयसीएओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचे निकष आहेत आणि त्यांत त्वचेचा रंग नैसर्गिक दिसावा असं स्पष्ट म्हटलं आहे. हे फोटो आता यंत्रं वाचतात आणि ती यंत्रं सगळ्या चेहऱ्यांना सारखा न्याय देत नाहीत. २०१८ च्या ‘जेंडर शेड्स’ या अभ्यासात चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत चुकांचं प्रमाण ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. गोऱ्या पुरुषांबाबत ते जास्तीत जास्त ०.८ टक्के होतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापनसंस्थेने २०१९ मध्ये अनेक प्रणालींत आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांची चुकीची जुळणी अधिक होत असल्याचं नोंदवलं. यंत्र आधीच अडखळतं, तिथे त्याच्या हाती धुऊन पुसलेला चेहरा देणं म्हणजे आपल्याच ओळखीचा पुरावा कच्चा करणं आहे. शिवाय पांढऱ्या पडद्यासमोर ऑटोवर काढलेला फोटो मीटरच्या त्याच सवयीमुळे काळा येतो आणि तो काळा आला म्हणून मग चेहरा उजळला जातो. सुरुवातच नीट केली तर पुढची रंगसफेदी लागतच नाही.

म्हणून ज्याला येत्या काही दिवसांत पासपोर्टसाठी, कॉलेजच्या अर्जासाठी किंवा मुलीच्या स्थळासाठी फोटो काढायचा असेल, त्याने दुकानात बसण्याआधी दोन गोष्टी सांगाव्यात: पांढऱ्या पडद्यासाठी एक्स्पोजर वाढवून घ्या, आणि फोटो निघाल्यावर चेहऱ्याच्या रंगाला हात लावू नका.